खगोलशास्त्रात जायचंय? तिसऱ्या वर्षाचा घाट असा चढा

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या मुलांचे फोन येतात. बहुतेकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "इंजिनिअरिंग कर, मग इस्रो." उपग्रह बनवायचे असतील तर सल्ला ठीक आहे. तारे आणि दीर्घिका अभ्यासायच्या असतील तर वाट भौतिकशास्त्राची. हे आधी ठरवा.

अकरावीला गणित सोडू नका. चाळीसगावजवळ पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ती नोंद. त्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'चे पहिले दोन भाग अंकगणित आणि बीजगणिताचे. ग्रह त्यानंतर येतात. क्रम आजही तोच आहे.

बारावीनंतर आयसर, नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षा द्या. नाही जमलं तर जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

खरी अडचण तिसऱ्या वर्षाला येते, कारण आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मी इथेच अडकलो. ग्रहाचं अंतर आणि आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) यांचं नातं सांगणारा केप्लरचा तिसरा नियम सिद्ध करून कॉलेजात पैकीच्या पैकी गुण मिळवायचो. प्रवेशपरीक्षेत अंतर आणि आवर्तकाल देऊन ताऱ्याचं वस्तुमान विचारलं, तेव्हा सूत्र तोंडपाठ असूनही हात चालेना. आमच्याकडे सिद्धता लिहायला शिकवतात, गणितं सोडवायला नाही. हे तुमचं तुम्हालाच भरून काढायचं आहे.

आजच करून बघा. पृथ्वी सूर्यापासून 15 कोटी किलोमीटरवर, वर्षाचे सेकंद साधारण 3.15 कोटी. एवढ्यावरून आणि गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकावरून सूर्याचं वस्तुमान काढा. दोनावर तीस शून्यं, इतके किलो यायला हवेत. मी किलोमीटरचे मीटर करायला विसरायचो. अंतराचा घन होतो, म्हणून उत्तर थेट अब्जपटीने चुकायचं. प्रत्येक ओळीत एककं लिहा. जॅमच्या काही प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः भरावा लागतो. तिथे अंदाज चालत नाही.

'अपेक्षित' घेऊन बसू नका. जुने पेपर इंटरनेटवर फुकट मिळतात. रोज दोन गणितं घ्या आणि अर्धा तास झटल्याशिवाय उत्तर उघडू नका. पहिले दोन महिने काहीच सुटत नाही असं वाटेल. तेव्हाच मुलं सोडून देतात. तुम्ही सोडू नका. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच सुरुवात करा. परीक्षा फेब्रुवारीत असते, दिवाळीनंतर वेळ उरत नाही.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी 'जेस्ट' किंवा 'नेट' या परीक्षा. घरचे पैशांचं विचारतील. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, हे त्यांना सांगा.

इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्रोग्रॅमिंग आवडत असेल तर दुर्बिणींनाही माणसं लागतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे लोकांना आत जाऊन बघता येतं. आईवडिलांना सोबत न्या आणि तिथल्या इंजिनिअरांना त्यांचं शिक्षण विचारा.