कडकनाथची अंडी, गावठीची ऊब

कडकनाथ ही काळ्या कोंबड्यांची जात, मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. कोंबडी अंडी घालते, पण खुडूक (अंडी उबवायला बसणारी) क्वचितच होते. उबवायचं मशीन कशाला? गावठी खुडूक शोधा.

१. आठवड्याच्या आतली १०-१२ अंडी घ्या, प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारा. दुसऱ्या कोंबड्या उबवणीच्या टोपलीतच आपली अंडी घालून जातात. बिनफुलीचं अंडं रोज उचला.

२. टोपलीत खाली चुलीची राख, वर सुका पेंढा. अंडी रात्रीच खुडूक कोंबडीखाली सरकवा. मी भरदुपारी ठेवली, तर बाईसाहेबांनी चोचीने दोन फोडली!

३. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरा. लाल शिरांचं जाळं नसेल ते अंडं बाद.

२१व्या दिवशी पिल्लं.

अंडी मळकी असली तरी धुऊ नका. आणि पावसात पेंढा ओला झाला, तर त्याच दिवशी बदला.