गेमचा नवा इन्स्टॉलर कोणता, १.९ की १.१०?

एकाच गेमचे १.९ आणि १.१० असे दोन इन्स्टॉलर समोर असले की हात हमखास १.९ कडे जातो. पण इथला टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे. टिंबानंतरचा आकडा सुटा वाचायचा: नऊनंतर दहा, म्हणून १.१० नवा.

१. डावीकडून एकेक आकडा ताडून पाहा. पहिला फरक दिसला की निकाल लागला, २.०.३ हा १.१२ च्या पुढचा.
२. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथला आकडा कधी कधी नुसत्या इन्स्टॉलरचा असतो, त्यामुळे मी गेमच्या मेनूतला आकडाच खरा मानतो.

फाइलच्या तारखेवर जाऊ नका, ती बहुधा डाउनलोडची असते. नवी आवृत्ती टाकण्याआधी सेव्ह फाइलींची प्रत मात्र काढाच. नव्या आवृत्तीतले सेव्ह जुन्या आवृत्तीत अनेकदा उघडत नाहीत.