आधी वाट्या चिरा

बडोद्याच्या दांडियाबाजारात भाजी घेताना कुणी "हल्ली काय चाललंय?" विचारलं की मी "मातीचं काहीबाही" म्हणायचे. "सिरॅमिकचं काम करते" हे तोंडातून निघायला चार वर्षं गेली. पंचेचाळिशीत चाकावर बसलेल्या बाईला कलाकार कोण म्हणणार, हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारलेलाच नव्हता. वर याच गावात 1950 पासून फाइन आर्ट्सचं कॉलेज, इथल्याच सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांची स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या घट्ट मातीची, मांजरं पाहिलेली. मग तर हातच गळायचे.

तुमचंही असंच होत असेल तर पहिला महिना एकही भांडं ठेवू नका. रोज चार वाट्या काढा, प्रत्येकी 400 ग्रॅमच्या, आणि चारही तारेने काठापासून बुडापर्यंत मधोमध चिरा. मी पहिली चिरली तेव्हा काठ जाडीला 3 मिलिमीटर निघाला आणि बूड 13! म्हणजे माझी बोटं खालची माती वर नेतच नव्हती. "जमत नाही" ते एवढंच. पट्टीने मोजा, वहीत आकडा लिहा. "जमत नाही" हे शब्द वहीत नकोत.

तळाला एसच्या आकाराची चीर पडते? तळ दाबायचा राहिलाय. कडेकडून मध्याकडे अंगठ्याने दाबत या, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपा. बडोद्याच्या मे महिन्यात काठ भराभर वाळतो, तळ ओलाच राहतो. काठावर सैलसं प्लास्टिक टाका. काठ पुरेसा घट्ट झाला की भांडं पालथं घाला.

आणि मापाचं आधीच सांगते. माझा पहिला कप भट्टीतून आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा भातुकलीचा का गं?" रात्रभर झोप नाही. नंतर कळलं, माझी स्टोनवेअरची माती वाळून-भाजून सुमारे 12 टक्के आकसते. 10 सेंटिमीटरचा कप 8.8 वर येणारच. तुमच्या मातीची 10 सेंटिमीटरची पट्टी करा, भाजून आली की मोजा, आणि कप त्या हिशेबाने मोठा काढा.

चिरलेल्या वाट्या पूर्ण वाळू द्या, मग बादलीत पाण्यात टाका. ओल्याच टाकल्या तर गोळे राहतात. चिखल झाला की प्लास्टरच्या लादीवर पसरा, पुन्हा मळायला माती तयार. मी एकच अर्धी वाटी खिडकीत ठेवली आहे, 13 मिलिमीटरवाली.