कोर्टाने भरायला सांगितलेले पैसे थकले, तर काय होतं आणि काय करायचं

हातातला कागद आधी नीट वाचा. चेक बाउन्समधली भरपाई, पोटगी, दिवाणी हुकूमनामा (दिवाणी दाव्याच्या निकालातला पैसे देण्याचा आदेश) आणि बँकेची नोटीस या सगळ्यांना लोक सरसकट ‘कोर्टाचे पैसे’ म्हणतात. पण पैसे थकल्यावर प्रत्येकात वेगळं घडतं. प्रकरण नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात असेल, तर आदेशाची प्रमाणित नकल काढा आणि त्यात दोनच गोष्टी शोधा: मुदत कधीपर्यंत आहे आणि ‘न भरल्यास’ काय लिहिलंय. पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दिसते.

चेक बाउन्स. या गुन्ह्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खटला चालू असतानाच कोर्ट २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकतं. २ लाखांच्या चेकवर ती ४०,००० पर्यंत जाते, मुदत ६० दिवस आणि सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. ती भरली नाही म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा हक्क जात नाही, मात्र रक्कम दंडासारखी वसूल होते. शिक्षेविरुद्ध अपील केलं, तरी ठरलेल्या दंडाचे किंवा भरपाईचे साधारणपणे किमान २० टक्के भरावेच लागतात.

“आत जाऊन येतो, मग विषय संपला” हा या प्रकरणांतला सर्वात महागात पडणारा समज आहे. भरपाई न भरल्याबद्दलची कैद भोगली, तरी भरपाई फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट केलं आहे. सुटून आल्यावरही मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

पोटगी. इथे प्रत्येक थकलेला महिना वेगळा धरला जातो आणि त्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर लगेच रक्कम कमी करण्याचा अर्ज द्या. आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम चढत राहते. पोटगी ज्यांना मिळायची आहे त्यांनीही लक्षात ठेवा: फौजदारी कायद्याखालच्या पोटगीत वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो.

दिवाणी हुकूमनामा. समोरचा १२ वर्षांपर्यंत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावू शकतो. मग बेलीफ (कोर्टाचा कर्मचारी) जप्तीचं वॉरंट घेऊन येतो किंवा पगारावर टाच येते. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे ३१,००० पगार असेल तर १०,००० पर्यंतच कापता येतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. बेलीफ यांपैकी काही उचलू लागला, तर त्याच क्षणी पंचनाम्यात हरकत नोंदवायला सांगा.

दिवाणी कैद ५,००० रुपयांवरच्या रकमेसाठी ३ महिन्यांपर्यंत होते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि निव्वळ गरिबीसाठी कुणालाही आत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय. ऐपत असून टाळतो, हे दिसावं लागतं. म्हणूनच ‘कारणे दाखवा’ नोटीस आल्यावर गैरहजर राहणं घातक आहे. तुम्ही हजर नसलात, तर ऐपत नाही हे सांगणार कोण? सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रक, घरभाडं, औषधांची बिलं जोडून म्हणणं लेखी द्या आणि जमेल तेवढी रक्कम त्याच दिवशी भरण्याची तयारी दाखवा. कोर्टाने मालमत्तेचं शपथपत्र मागितलं, तर एकही खातं लपवू नका.

सर्वात जास्त नुकसान मात्र पैसे भरणाऱ्यांचंच होतं, ते चुकीच्या रीतीने भरल्यामुळे. सीताबर्डीच्या दुकानात रोख दिले, भावाच्या फोनवर पाठवले, आणि कोर्टात नोंदच नाही. कोर्टाबाहेर दिलेली आणि कोर्टात न नोंदलेली रक्कम दरखास्तीत धरली जात नाही. त्यामुळे बँकेतूनच पैसे द्या, दरखास्त क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि दोघांच्या सहीची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करा. समोरचा सही देत नसेल, तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत नोंदीचा अर्ज तुम्हीच करा. वाद असेल तर सरळ कोर्टात भरणा करून समोरच्याला नोंदणीकृत टपालाने (आता स्पीड पोस्टाची ‘रजिस्ट्रेशन’ सेवा) कळवा. ती सूचना पोचली, की भरलेल्या रकमेवरचं व्याज थांबतं.

बँक. तारण कर्जात सर्फेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस आधी येते. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली, तर नागपुरातल्याच कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अटकेची धमकी देणाऱ्याकडे कोर्टाच्या आदेशाची प्रत मागा.

वकील परवडत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड होत असेल, तर सही करण्याआधी हप्त्याची रक्कम घरखर्च वजा करून ठरवा. त्या निवाड्यावर अपील नाही आणि तो हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. ‘एक हप्ता चुकल्यास पूर्ण रक्कम’ अशी अट असेल, तर किमान दोन हप्त्यांची सवलत लिहून मागा.