जुन्या आरपीजी गेमला मॉड लावताना या चुका टाळा

सोलापुरात अशोक चौकाजवळ, यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून असलेल्या घरात माझा भाचा राहतो. गेल्या मे महिन्यात त्याने 2010 सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) संगणकावर चढवला, एका रात्रीत चाळीस मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइली) लावले आणि गेम दर वीस मिनिटांनी बंद पडू लागला, तेव्हा दोष कोणत्या मॉडचा हे शोधण्यात त्याचे दोन दिवस गेले.

पहिली चूक हीच: मॉडशिवायचा मूळ गेम तासभर नीट चालतो की नाही, हे त्याने पाहिलेच नव्हते. मॉड काढल्यावरही गेम बंद पडला. कॅबिनेट उघडले, तर ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर टॉवेलच्या सुताची बोटभर जाड गादी साचली होती. ती झाडल्यावर मूळ गेम तीन तास चालला.

मॉड परत लावल्यावर मात्र गेम पुन्हा बंद पडला, आणि या वेळी कारण वेगळे होते. संगणकात 16 जीबी रॅम असली तरी हा 32 बिटचा गेम मुळात त्यातली केवळ 2 जीबी वापरू शकतो; भारी टेक्श्चरचे, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या चित्रांचे, मॉड लावले की ती मर्यादा भरते. ती मर्यादा वाढवणारी छोटी दुरुस्ती, म्हणजे 4 जीबी पॅच, लावल्याशिवाय मोठ्या मॉडना हात लावू नये.

गेम 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरात ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. विंडोज व्हिस्टापासून हा फोल्डर संरक्षित आहे. जुन्या प्रोग्रामने तिथे लिहिलेली फाइल विंडोज अनेकदा परस्पर 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात वळवते, त्यामुळे केलेला बदल आपल्याला दिसत नाही आणि आपण उगाच मॉड करणाऱ्याला बोल लावतो. गेमसाठी डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करावा.

मुख्य मेनू येण्याआधीच गेम बंद पडत असेल, तर बहुधा एखाद्या प्लगिनला (मॉडची गेममध्ये जोडली जाणारी फाइल) लागणारी मूळ फाइल, म्हणजे मास्टर, सापडत नसते. मॉडची सूचना पूर्ण वाचली असती तर हे आधीच कळले असते, पण ती वाचतो कोण! 'ऑब्लिव्हियन' हा दुसरा जुना आरपीजी आणि 'न्यू व्हेगास' यांत प्लगिनचा क्रम फाइलच्या तारखेवरून ठरतो, म्हणून तो हाताने न लावता मॉड मॅनेजरकडे, म्हणजे मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवावा.

खेळ अर्ध्यावर आल्यावर मॉड काढू नये. त्याचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि बिघाड कितीतरी तासांनी उघड होतो. काढणे भागच असेल, तर तो मॉड लावण्यापूर्वीच्या सेव्हवर परत जावे. त्यासाठी क्विकसेव्हवर (एका कळीने होणारा, आधीच्या क्विकसेव्हवरच लिहिला जाणारा सेव्ह) विसंबून न राहता दर तासाला नवा, वेगळा सेव्ह करावा. सेव्ह होत असतानाच वीज गेली, तर आधीचा तरी शाबूत राहतो.