पाचटापासून कांडी-इंधन : ऊसतोडीपूर्वीची तयारी

उत्तर कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी शिवारात पाचट पेटलेले दिसते. तेच पाचट दाबून कांडी-इंधन, म्हणजे ब्रिकेट, करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी यंत्राचे दरपत्रक मागवण्याआधी कच्च्या मालाचा हिशेब मांडावा. एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट निघते. त्यातले निम्मे तरी सरीतच कुजू द्यावे, कारण जमिनीला सेंद्रिय कर्ब त्यातूनच मिळतो आणि शेत उघडे पाडून केलेला धंदा मला योग्य वाटत नाही. ताशी 500 किलो क्षमतेचे यंत्र रोज 8 तास, असे 100 दिवस चालवायचे, तर 400 टन वाळलेला माल लागेल. म्हणजेच 200 ते 270 एकरांच्या शेतकऱ्यांशी तोडीपूर्वीच बोलणी झालेली हवीत.

सर्वांत जास्त लक्ष ओलाव्याकडे द्यावे. दाब आणि घर्षणाची उष्णता यांमुळे पाचटातील लिग्निन हा नैसर्गिक घटक मऊ होऊन कणांना धरून ठेवते, त्यामुळे वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. मात्र ओल 8 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान हवी; त्याहून जास्त असेल, तर आत वाफ कोंडून कांडी तडकते किंवा साच्यातून जोराने बाहेर फेकली जाते. त्यासाठी ओलावामापक घ्यावा. पावसाळ्यापूर्वी पत्र्याची शेड उभी करून माल जमिनीपासून उंचावर रचावा. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या जोरदार पावसात ताडपत्रीवर विसंबू नये. तयार कांड्याही पाणी लागताच फुगून सुटतात.

पाचट गोळा करताना माती येऊ देऊ नये, कारण तिने रॅम (माल साच्यात दाबणारा दट्ट्या) आणि साचा झिजतो व राख वाढते. भाताचे तूस मिसळायचे असल्यास थोडेच मिसळावे, कारण त्यात जवळपास पाचवा हिस्सा राख असते. कुट्टी 6 ते 8 मिलिमीटरची असावी. थ्री-फेज वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून न घेता उद्योगासाठी स्वतंत्र मागावी. उडणारा भुसा सहज पेट घेतो, म्हणून पाण्याची टाकी व वाळूच्या बादल्या पहिल्या दिवसापासून जागेवर असाव्यात.

बॉयलरवाल्या ग्राहकाला आधी नमुना देऊन ओल व राखेची मर्यादा लेखी ठरवावी, आणि करारपत्र कन्नडमध्ये असेल, तर जाणत्याकडून शब्दन् शब्द समजून घेतल्यावरच सही करावी.