त्रेपन्न म्हटलं की पोर ३५ का लिहितं?

माझ्या नातीला ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं की ती बिनधास्त ३५ लिहायची. ओरडू नका. कानावर आधी ‘त्रे’ पडतो, मग ‘पन्न’. ती ऐकलं तसंच लिहिते. ३२ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, एकोणतीसचे ३९ करणारी मुलंही दरवर्षी भेटली.

पाटी बाजूला ठेवा. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडा, शंभरेक. दहा काड्या मुलानेच मोजायच्या, रबरही त्यानेच लावायचं. आयते गठ्ठे दिलेत तर गठ्ठा म्हणजे दहा, हे त्याच्या हाताला कळत नाही. आठवडाभर एवढंच. मग पाच गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे: ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न.’ दोन्ही एका दमात म्हणायचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते आधार म्हणून पटतं. जुनी नावं मात्र सोडू नका; भाजीवाली काही ‘पन्नास तीन’ म्हणत नाही.

एकोणतीससाठी तीन गठ्ठे ठेवा, एकाचं रबर सोडा, एक काडी काढून घ्या. ‘तिसाला एक उणी.’ उरलेल्या मोजायला लावा. एकोणपन्नास नातीने स्वतःच करून दाखवलं. नव्याण्णवच्या नावात मात्र हे ‘एकोण’ नाही, ते सरळ पाठ.

बेरजेतला हातचा मग वेगळा शिकवावा लागत नाही. सुट्या दहा झाल्या की पोर आपणच रबर शोधायला लागतं.